गेल विकावी का? गॅसच्या सरकारी लाईनबद्दल जरा सविस्तर

मल्हारगंजकर (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या पीएनजी (पाईपचा गॅस) घ्यायचं की सिलिंडरच ठेवायचा यावर वाद चाललाय. त्यात एक जण म्हणाले की गॅस देते शहरातली कंपनी, मग ही गेल, म्हणजे गॅस आणून पोचवणारी सरकारी कंपनी, मध्ये कशाला, सरकारी कंपन्या सगळ्या विकून टाकायला पाहिजेत. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला ते फार खटकलं, पण तिथे उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं म्हणून इथे लिहितोय, वाचा आणि पटलं नाही तर खुशाल खोडून काढा.

पहिली गोष्ट म्हणजे इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेरला घरोघर मीटर बसवणारी अवंतिका गॅस ही गेल आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या दोघांनी मिळूनच काढलेली आहे. तिचं काम सुरू होतं शहराच्या वेशीवर, सिटी गेट स्टेशनपासून पुढे. त्याच्या मागे जे आहे, म्हणजे समुद्रापासून माळव्यापर्यंत गॅस आणून पोचवणं, ते मुख्यतः गेलचं काम.

मुंबई हायला तेल सापडलं १९७४ मध्ये. तेलाबरोबर गॅस येतोच, पण तेल जहाजात भरता येतं, टाकीत ठेवता येतं, गॅसला पाईप नसला तर त्याचं करायचं काय, म्हणून बराचसा गॅस तिथेच समुद्रात जाळून टाकायचे. पुढे वसईसमोरच्या समुद्रात निव्वळ गॅसचं मोठं फील्ड मिळालं. त्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाईड, म्हणजे विषारी आणि पाईप खाणारा, त्यामुळे तो सुरतजवळ हजिऱ्याला आणून आधी साफ करायचा आणि मग उत्तरेकडे न्यायचा असं ठरलं. त्यासाठी १९८४ च्या ऑगस्टमध्ये गॅस अथॉरिटी ऑफ इंडिया ही कंपनी काढली, तीच गेल. तिचं पहिलं मोठं काम हजिरा-विजयपूर (बिजयपूरही म्हणतात)-जगदीशपूर लाईन, एचबीजे म्हणतात ती, १७०० किलोमीटरच्या वर, विजयपूरपर्यंत ३६ इंची पाईप. गुजरातमधून निघून आपल्या झाबुआ जिल्ह्यातून गुना जिल्ह्यात विजयपूर, तिथून उत्तर प्रदेश, आणि राजस्थानला फाटा.

आता मुद्दा असा की लाईन टाकायचा निर्णय झाला तेव्हा तिला गिऱ्हाईक कोण होतं? जवळजवळ कोणीच नाही. विजयपूरचा खत कारखाना सुरू झाला १९८८ मध्ये. ओन्ला, बबराला, शहाजहानपूर, जगदीशपूर, कोट्याजवळचं गडेपान हे खताचे कारखाने, आणि अंता, औरैया, दादरी ही वीजकेंद्रं, हे सगळं या लाईनच्या भरवशावर उभं राहिलं. आधी पाईप, मग कारखाना. जो धंदा अजून जन्माला आलेला नाही त्याच्यासाठी एवढी लाईन जमिनीत गाडून वीस वर्षं वाट बघणारा खाजगी माणूस तेव्हा देशात नव्हता, आणि मला नाही वाटत आज मागास भागासाठी कोणी सापडेल.

आज गेलकडे १६ हजार किलोमीटरच्या वर लाईन आहे आणि देशात पाईपमधून जाणाऱ्या गॅसचा फार मोठा वाटा तिच्या पाईपमधून जातो. वर ती स्वतः गॅस विकते, परदेशातून आणते, विजयपूरला गॅसमधून एलपीजी काढते, औरैया जिल्ह्यात पाता इथे १९९९ पासून प्लास्टिकचा कच्चा माल बनवते. जामनगर ते दिल्लीजवळच्या लोणीपर्यंत एलपीजीची लाईनपण तिचीच. म्हणजे सिलिंडरवाल्यांनी आम्हाला गेलशी काय करायचंय असं म्हणायची सोय नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाईप पब्लिकच्या हातात राहायला हवा. आपल्या देशाला लागणारा गॅस साधारण निम्मा बाहेरून येतो. तो कधी ना कधी कमी पडणारच, आणि कमी पडला की कोणाला आधी आणि कोणाला नंतर हे कोणीतरी ठरवतं. ते ठरवणाऱ्याला संसदेत प्रश्न विचारता आला पाहिजे, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता आला पाहिजे. तुमचं काय म्हणणं?

विजयपूर_निवृत्त

मल्हारगंजकर, छान लिहिलंत. माझी सगळी नोकरी विजयपूरच्या खत कारखान्यात गेली, आता मुलाकडे इंदूरला असतो. गॅस म्हटला की लोकांना चूल आणि गाडी आठवते, पण युरियाच्या प्लांटला गॅस हे इंधनपण आहे आणि कच्चा मालपण, हे कोणी लक्षात घेत नाही.

रिफॉर्मर नावाची भट्टी असते, तिच्यात उभ्या नळ्यांच्या रांगा, नळीच्या आत कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. नळीतून गॅस आणि वाफ जाते, बाहेरून बर्नर जळतात, ते पण गॅसवरच. भिंतीला छोटी झडप असते, ती उघडून डोळ्याला निळी काच लावून आम्ही नळ्यांचा रंग बघायचो. सगळ्या सारख्या नारिंगी दिसल्या पाहिजेत, एखादीवर पांढरट पट्टा दिसला की समजायचं तिथे कॅटॅलिस्ट गेला, नळी फाटू शकते. त्या गॅसमधून हायड्रोजन निघतो, हवेतला नायट्रोजन मिळून अमोनिया, मग युरिया. आपल्या माळव्यातला गहू ज्या युरियावर उभा असतो तो असा समुद्रातल्या गॅसमधून येतो.

आता हा प्लांट म्हणजे काही गॅसची शेगडी नाही की बटण फिरवलं आणि बंद. लाईनचं प्रेशर पडलं किंवा वरून फोन आला की इतका कमी घ्या, तर आम्ही लोड खाली आणायचो पण एका हद्दीपर्यंतच. त्याच्या खाली बंदच करावा लागतो, आणि एकदा बंद केला की नळ्या सावकाश थंड करा, परत सावकाश तापवा, यात दिवस जातात आणि तेवढ्यात कितीतरी गॅस नुसता फ्लेअरला जळतो. म्हणून गेलच्या डिस्पॅचवाल्यांशी आमचा दिवसातून बऱ्याच वेळा फोन असायचा, उद्याचं नॉमिनेशन (किती गॅस घेणार तो आकडा) किती, आज किती ओढलं, कोणाचा प्लांट ट्रिप झाला, मग त्याचा गॅस कोणाकडे वळवायचा. पाईप म्हणजे लोखंड कमी आणि हे फोन जास्त असं मी पोरांना सांगायचो.

आणखी एक. २०१५ मध्ये सरकारने खतासाठी गॅस पूलिंग केलं. आधी ज्याच्या नशिबी देशी गॅस त्याचा युरिया स्वस्तात पडायचा, ज्याला आयात गॅस त्याचा महाग. मग सगळ्यांचा गॅस एकत्र करून सरासरी भाव सगळ्यांना सारखा. तो हिशोब सांभाळायचं काम गेलला दिलं. हे काम खाजगी कंपनीला दिलं असतं तर एकमेकांचे स्पर्धक तिला आपले आकडे दाखवायला तयार झाले असते का, विचार करा.

शेवभांडार (इंदूर)

भिया हे सगळं ठीक आहे, पण आमच्यासारख्यांचं काय ते पण बोला. आमचा शेव-नमकीनचा छोटा कारखाना आहे. आधी लाकडाची भट्टी, मग डिझेलचा बर्नर, आता पाईपचा गॅस. गॅसने काम सुधारलं यात वादच नाही, पहिल्या घाण्यापासून शेवटच्या घाण्यापर्यंत तेल एकाच तापमानाला राहतं, शेव लाल पडत नाही, कारागिरांच्या डोळ्यातला धूर गेला, तेलपण जास्त टिकतं. लाकडावर तर पहिले दोन घाणे कच्चे आणि दुपारचे जळके हे ठरलेलंच.

पण २०२२ मध्ये भाव असा चढला की महिन्याचं बिल हातात घेऊन मी आणि भाऊ नुसते एकमेकांकडे बघत बसलो होतो. शेवचा भाव आम्ही लगेच वाढवू शकत नाही, शेजारी लगेच गिऱ्हाईक ओढतो. आमच्या लाईनीतल्या दोघांनी परत लाकूड सुरू केलं. मग मला सांगा, सरकारी पाईप असून आम्हाला काय संरक्षण मिळालं? घरच्या गॅसला वेगळा भाव आणि कारखान्याला वेगळा, हे कोण ठरवतं?

मल्हारगंजकर

@शेवभांडार, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि सगळा वाद खरं तर इथेच आहे.

देशात दोन प्रकारचा गॅस आहे असं समजा. एक ओएनजीसी आणि ऑईल इंडियाच्या जुन्या फील्डचा, त्याचा भाव सरकार ठरवतं. २०२३ च्या एप्रिलपासून तो कच्च्या तेलाच्या भावाच्या १० टक्के, पण वर मर्यादा, ती सुरुवातीला साडेसहा डॉलर प्रति एमएमबीटीयू (गॅसमधली ऊर्जा मोजायचं एकक). किरीट पारीख समितीच्या शिफारशीनंतर हे झालं. हा गॅस घरगुती पीएनजी आणि गाड्यांच्या सीएनजीला आधी द्यायचा असं २०१४ पासूनचं धोरण आहे, आणि कोणत्या शहराला किती हे वाटप गेलमार्फत होतं. दुसरा म्हणजे आयात एलएनजी, उणे १६२ अंशाला थंड करून पातळ केलेला, जहाजाने दहेजला किंवा दाभोळला येतो, त्याचा भाव जगाचा बाजार ठरवतो. कारखान्यांच्या वाट्याला मुख्यतः हा दुसरा येतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हाच गॅस २ डॉलरच्या आसपास मिळत होता आणि २०२२ मध्ये ५० च्या पार गेला.

२०२२ मध्ये नक्की काय झालं तेही सांगतो कारण ते कळलं की बिलाचा अर्थ लागतो. गेलने २०१२ मध्ये रशियाच्या गाझप्रॉमच्या सिंगापूरच्या कंपनीशी २० वर्षांचा करार केला होता, २०१८ पासून जहाजं यायला लागली. ती सिंगापूरची कंपनी होती जर्मनीतल्या गाझप्रॉम जर्मानियाच्या हाताखाली. युक्रेनचं युद्ध सुरू झालं, गाझप्रॉमने जर्मन कंपनी सोडून दिली, जर्मन सरकारने ती ताब्यात घेतली, सेफे असं नवं नाव ठेवलं, आणि युरोपातच गॅसची ओरड असल्यामुळे आपली जहाजं यायची थांबली. करारात न दिल्याबद्दलचा दंड होता, पण बाजारात भाव इतका होता की दंड भरूनही त्यांना परवडत होतं. गेलला खत कारखाने आणि उद्योगांचा गॅस कापावा लागला, स्वतःचा पाताचा प्लांट कमी लोडवर चालवावा लागला. गेलने लवादात दावा लावला आणि २०२५ च्या जानेवारीत २८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की कापाकापी करताना कंपनीने स्वतःच्या नफ्याच्या प्लांटलाही कात्री लावली आणि घरच्या चुली विझल्या नाहीत. तुम्हाला संरक्षण मिळालं नाही हे मात्र खरंच आहे. लहान उद्योग हा वेगळा गट म्हणून धोरणात कुठेच नाही, मोठा काच कारखाना आणि तुमची शेवेची भट्टी दोघं एकाच रांगेत. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अर्थवाचक

धागा चांगला आहे पण फार एकतर्फी चाललाय, म्हणून विरोधी पक्ष मांडतो.

सरकारी कंपनी चूक करत नाही असं थोडंच आहे. अमेरिकेचे करार घ्या. २०११ ते २०१३ मध्ये कच्चं तेल १०० डॉलरच्या वर होतं, तेव्हा गेलने तिथल्या सबाईन पास आणि कोव्ह पॉईंट या टर्मिनलमधून मिळून वर्षाला ५८ लाख टन एलएनजीचे २० वर्षांचे करार केले. २०१४ च्या शेवटी तेल कोसळलं, बाजारात त्याहून स्वस्त गॅस मिळायला लागला आणि अमेरिकेचा गॅस आपल्या किनाऱ्यावर येईपर्यंत महाग पडू लागला. इथे घ्यायला कोणी तयार नाही म्हणून जहाजं बाहेर विकायची, अदलाबदल करायची अशी धावपळ झाली. २०१८ च्या मार्चमध्ये दाभोळला पहिलं जहाज आलं तेव्हा समारंभ झाला, पण आतली चिंता तीच होती.

आणि खरा दोष वेगळाच आहे. पाईपही गेलचा आणि त्या पाईपमधून गॅस विकणारी सर्वात मोठी दुकानदारही गेल. उद्या मी स्वस्त एलएनजी आणला आणि मला विजयपूरपर्यंत जागा हवी, तर मी ती माझ्या स्पर्धकाकडे मागायची? पेट्रोलियम आणि नैसर्गिक गॅस नियामक मंडळ २००६ च्या कायद्याने आलं, कॉमन कॅरियरचे (पाईपमधली जागा इतरांनाही द्यायची) नियम आले, हे मान्य, पण मालक आणि दुकानदार एकच असला की संशय राहतोच. कंपनीचे दोन तुकडे करायची चर्चा सरकारात कितीदा झाली आणि कितीदा बारगळली. मला वाटतं पाईपची एक कंपनी, विक्रीची दुसरी, आणि विक्रीवाली विकून टाकली तरी देशाचं काही बिघडत नाही.

अनुराधा_देवास

मला धोरणातलं कळत नाही, पण जमिनीतलं सांगते. माझ्या सासरच्या शेतातून गॅसची लाईन गेलीये. १९६२ चा कायदा आहे त्याखाली जमीन आपल्याच नावावर राहते, सरकार फक्त वापराचा हक्क घेतं. पाईप टाकून झाला की वर माती लोटून शेत परत देतात आणि जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के भरपाई, पिकाचं नुकसान वेगळं. पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर खोदायची नाही, झाड लावायचं नाही, कायमचं. आमचे सासरे अजून म्हणतात की पट्टा थोडाच असतो पण तो बरोबर शेताच्या मधून गेल्यामुळे बोअर कुठे घ्यायचा हा प्रश्न झाला, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक आधी तो पट्टा मोजून भाव पाडतं.

बांधावर पिवळा खांब आहे, त्यावर नंबर आणि फोन लिहिलेला. एक माणूस ठराविक दिवसांनी लाईनवरून चालत येतो, पाठीला पिशवी, हातात काठी, सोयाबीन उभं असलं तरी बांधाबांधाने बरोबर त्याच रेषेत जातो. कोणी जेसीबी लावलाय का, माती खचली का, झाड उगवलंय का बघतो. घरी पाणी प्यायला थांबतो, सासऱ्यांशी त्याची ओळख झालीये. तो सांगत होता की या मोठ्या लाईनमधल्या गॅसला वास नसतो, वासाचं औषध शहराकडे जाताना मिसळतात, म्हणून शेतात गळती झाली तर नाकाला कळणार नाही, पिकाचा पट्टा पिवळा पडला किंवा फुसफुस आवाज आला तर लगेच फोन करा.

आंध्रात नगरम गावात २७ जून २०१४ ला गेलची लाईन फुटून पहाटे घरं जळाली, वीसच्या वर माणसं गेली, ते वाचल्यापासून मला त्या खांबाकडे बघून धडधडतं. पाईप कोणाच्या मालकीचा हा वाद तुम्ही घाला, पण तो चालत येणारा माणूस कमी करून खर्च वाचवणारी कंपनी मला नकोय, मग ती सरकारी असो नाहीतर खाजगी.

विजयपूर_निवृत्त

अनुराधाताई, अगदी बरोबर बोललात. नगरमच्या लाईनमध्ये ओला गॅस जात होता, त्यातलं पाणी खाली साचून पाईप आतून गंजला होता, ही गोष्ट नंतर बाहेर आली. कोरडा, साफ गॅस आणि वेळेवर पिगिंग (पाईपच्या आतून यंत्र सोडून साफ करतात, भिंतीची जाडी मोजतात) हे दोन्ही टाळलं की पाईप कधीतरी सूड घेतोच. तुमच्याकडची लाईन एचबीजे किंवा तिची जोडलाईन असेल तर तिचा गॅस हजिरा-दहेजकडून साफ होऊन आलेला असतो, तेवढी काळजी कमी. पण लाईनवॉकर हवाच.

वाघोडिया_रोड (बडोदा)

आमच्या बडोद्याचं सांगतो. इथे पाईपचा गॅस सत्तरच्या दशकापासून आहे, आमच्या आजीने दांडिया बाजारच्या वाड्यात त्याच गॅसवर पुरणपोळ्या केल्यात, आणि तेव्हा तो महानगरपालिका पुरवायची. म्हणजे पाणीपट्टी तशी गॅसपट्टी. पुढे २०१३ मध्ये पालिका आणि गेल गॅस यांनी मिळून वडोदरा गॅस लिमिटेड काढली. एवढ्या वर्षांत गॅस कोणाचा हा प्रश्न आमच्याकडे कोणाला पडला नाही, कारण तक्रार घेऊन नगरसेवकाच्या घरी जाता यायचं. म्हणून मल्हारगंजकरांचा जाब विचारायचा मुद्दा मला पूर्ण पटतो.

दुसरं म्हणजे शहराबाहेर वाघोडियाला गेलचं कॉम्प्रेसर स्टेशन आहे. लोकांना वाटतं पाईपमध्ये सोडला की गॅस आपोआप दिल्लीला पोचतो. तसं नसतं, घर्षणाने प्रेशर पडत जातं, मध्ये मध्ये टर्बाईन लावून परत दाबावा लागतो. तुमच्याकडे झाबुआला तसंच आहे. एक स्टेशन आजारी पडलं की पुढच्या राज्यात प्रेशर कमी. मग खाजगीकरण म्हणजे नक्की कशाचं, स्टेशनचं की नळीचं की दोन्हीचं, हे अर्थवाचकांनी सांगावं.

अर्थवाचक

@वाघोडिया_रोड, मी नळी विकायची म्हणत नाहीये, नळी आणि दुकान वेगळं करा म्हणतोय. विजेमध्ये आपण हेच केलं. तारा पॉवर ग्रिडच्या, पण कोणाची वीज कधी कुठून जाणार हे ठरवणारी पोसोको २०१७ मध्ये तिच्यापासून वेगळी केली, आता तिचं नाव ग्रिड इंडिया, आणि दोन्ही सरकारीच आहेत. गॅसमध्ये असा तटस्थ चालक अजून नाही.

मल्हारगंजकर

@अर्थवाचक, चालक वेगळा, सरकारी आणि तटस्थ, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, विजेचं उदाहरण अगदी चपखल दिलंत. पण विक्रीवाली कंपनी विकून टाका इथे मी थांबतो. अमेरिकेच्या कराराचं तुम्ही अर्धंच सांगितलं. तोच करार २०१५ ला गळ्यातलं लोढणं वाटत होता आणि २०२१-२२ मध्ये बाजार पेटल्यावर तोच बाजारापेक्षा कितीतरी स्वस्त ठरला, कारण त्याचा भाव हेन्री हबशी, म्हणजे अमेरिकेतल्या गॅसच्या बाजारभावाशी, बांधलेला होता. वीस वर्षांचा करार तीन वर्षांच्या ताळेबंदावर जोखू नये. कतारचंही तसंच, एलएनजी आयात करणाऱ्या पेट्रोनेट एलएनजी कंपनीमध्ये गेल, ओएनजीसी, इंडियन ऑईल आणि भारत पेट्रोलियम प्रत्येकी साडेबारा टक्के, २००४ पासून दहेजला कतारचा गॅस येतोय आणि २०२४ च्या फेब्रुवारीत वर्षाला ७५ लाख टनांचा तो करार २०२८ पासून पुढे आणखी २० वर्षांसाठी वाढवला. एवढ्या लांबचं बांधून घ्यायला पाठीशी सरकार लागतं. आणि हा सगळा कतारचा गॅस होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो हे विसरू नका, तिथे गडबड झाली की अमेरिकेचा गॅस हा एक दुसरा रस्ता.

मला रात्री खरी काळजी वाटते ती साठ्याची. कच्च्या तेलाचे राखीव साठे विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरला जमिनीखालच्या गुहांत आहेत, गॅसचा असा एकही भूमिगत साठा देशात नाही. टर्मिनलच्या टाक्या आणि पाईपमध्ये दाबून भरलेला गॅस, लाईनपॅक म्हणतात तो, एवढ्यावर आपण चालतो. जहाज चुकलं तर थोड्या दिवसांत कापाकापी. युरोपने २०२२ चा हिवाळा भरलेल्या साठ्यांवर काढला. भूमिगत साठा करायला प्रचंड भांडवल लागतं आणि चांगल्या वर्षात तो नुसता पडून असतो, म्हणून तो नफ्याच्या हिशोबाने कधीच होणार नाही, एचबीजे झाली तशी सरकारनेच मनावर घ्यायला हवं.

लष्कर_ग्वाल्हेर

पूर्वेकडची ऊर्जा गंगा लाईन राहिली की. जगदीशपूर-हल्दिया-बोकारो-धामरा, अडीच हजार किलोमीटरच्या वर, सरकारने भांडवलाच्या ४० टक्के अनुदान दिलं तेव्हा ती झाली. बंद पडलेले गोरखपूर, बरौनी, सिंद्रीचे खत कारखाने तिच्यामुळे परत सुरू झाले. महाराष्ट्रात मुंबई-नागपूर-झारसुगुडा लाईन समृद्धी महामार्गाला धरून नेली. आणि २०२३ च्या एप्रिलपासून वाहतुकीचा दर एकत्र केला, आधी जितक्या कंपन्यांच्या पाईपमधून गॅस गेला तितक्यांदा भाडं, दूरच्या राज्याला गॅस पोचेपर्यंत महाग. आता झोनप्रमाणे. आम्ही ग्वाल्हेरवाले किनाऱ्यापासून लांब, आमच्यासाठी हे फार मोठं आहे.

स्कीम७८ (इंदूर)

काका एक प्रश्न. आपल्या इंदूरच्या गॅसमध्ये हायड्रोजन मिसळतात असं ऐकलं, खरं का? आणि कचऱ्यापासून गॅस बनतो तो पण गेलचाच का?

विजयपूर_निवृत्त

हो बेटा, खरं आहे. जानेवारी २०२२ मध्ये देशातला पहिला प्रयोग इंदूरच्या सिटी गेट स्टेशनवरच सुरू झाला, गेलने अवंतिकाच्या पुरवठ्यात हायड्रोजन मिसळायला घेतला. प्रमाण अगदी थोडं. जास्त का नाही, तर हायड्रोजनचा रेणू बारीक, पोलादात शिरून ते ठिसूळ करतो, आणि तेवढ्याच आकारमानात ऊर्जा गॅसच्या साधारण एक तृतीयांश. सुरुवातीचा हायड्रोजन ग्रे होता, म्हणजे गॅसपासूनच बनवलेला, त्यात कार्बन वाचत नाही. पण २०२४ मध्ये विजयपूरला १० मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर लागला, वीज देऊन पाण्यातून दिवसाला ४.३ टन हायड्रोजन. आमच्या जुन्या कारखान्याच्या शेजारीच. आम्ही आयुष्यभर गॅस फोडून हायड्रोजन काढला आणि आता पोरं पाण्यातून काढतायत, मला फार अभिमान वाटतो.

देवगुराडियाचा कचऱ्याचा प्लांट मात्र गेलचा नाही, तो महापालिकेच्या प्रकल्पात खाजगी कंपनीने चालवलेला. २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, दिवसाला ५५० टन ओला कचरा, १७ हजार किलो बायो-सीएनजीची क्षमता. सिटी बस त्यावर चालतात.

शेवभांडार

सगळं वाचलं, बरंच कळलं. माझं एवढंच म्हणणं की वाटपाच्या यादीत घर, गाडी, खत, वीज आहे, तसं लहान भट्टीवाल्यांचं नाव कोणत्या कागदावर आणायचं ते सांगा. इंदूरमध्ये नमकीन, मिठाई, बेकरी, फाउंड्री मिळून आम्ही कमी नाही, आणि आम्ही गॅस सोडला की लाकडाचा धूर तुमच्याच घरात येतो. भाव जगाचा ठरवेल तो ठरवू दे, पण तो एका महिन्यात अंगावर पडू नये, सरासरी काढून सहा महिन्यांवर पसरावा, खताला पूलिंग केलं तसं.

मल्हारगंजकर

@शेवभांडार, हे एकदम मुद्द्याचं बोललात, लहान उद्योगांसाठी पूलिंग. नियामक मंडळ दराचे आणि नियमांचे मसुदे वेबसाईटवर टाकून लोकांचं मत मागवतं, ठराविक मुदत असते, आणि बहुतेक वेळा तिथे मोठ्या कंपन्यांचीच पत्रं जातात. पुढचा मसुदा आला की मी याच धाग्यावर टाकतो. तुम्ही तुमच्या लाईनीतल्या लोकांना गोळा करा, महिन्याला किती गॅस लागतो, आधीचं इंधन काय होतं, २०२२ मध्ये किती जणांनी लाकडावर उडी मारली एवढं लिहून आणा. निवृत्त काका तांत्रिक भाग बघतील अशी विनंती, अर्थवाचकांनी तटस्थ चालकाचा मुद्दा लिहावा, तो स्वतंत्र पत्र म्हणून पाठवू. अनुराधाताई, लाईनवॉकर आणि पिगिंगचा अहवाल गावात मराठी-हिंदीत लावावा ही मागणी तुमच्या नावाने घालू का ते कळवा. हिंदी मसुदा मी करतो.